श्रावणातला फुलोरा

१९९७ सालच्या श्रावणातली ती सकाळ अगदी रोजच्यासारखी होती. पावसानं जरा उघडीप दिली होती. राहीबाई गोठ्यातलं शेण काढत होती आणि तिचा नवरा सखा ओट्यावर चूल मांडून लोखंडी पळीत तूप कढवत होता. मोरूच्या म्हशीला तीन दिवसांपासून हगवण लागली होती. म्हैस आता उभीही राहत नव्हती, म्हणून मोरू सकाळी सकाळी येऊन पाया पडून गेला होता.

"परड्यातनं पाला आण गो," सखा म्हणाला. "मूठभरच आण. म्हस मोठी हाय म्हणून वंजळभर घालायचा नसतो."

परड्यात, उकिरड्याच्या कडेला, भांगेची पाच झाडं होती. कुणी हौसेनं लावलेली नव्हती. आदल्या वर्षीचं बी शेणखतात पडायचं, मृगाच्या पावसानं रुजायचं आणि श्रावणापर्यंत कमरेएवढं व्हायचं. सख्याच्या आजापासून हे चालत आलं होतं. पाला तुपात परतायचा, गुळात मळायचा आणि गुरांना द्यायचा. माणसांनाही द्यायचा, पण हरभऱ्याएवढी गोळी, तीही दुखणं सोसवेनासं झालेल्यांनाच. पोरासोरांना नाही आणि चिलमीसाठी तर कुणालाच नाही. एकदा गावच्या चार टग्यांनी चिलमीला मागितली, तेव्हा सख्यानं त्यांना कोयता घेऊन पार पाणवठ्यापर्यंत पिटाळलं होतं.

करवंदमाळ ही पोलादपूर तालुक्यातल्या कुडपणच्याही पलीकडची, कड्याच्या अंगाला वसलेली चाळीसेक उंबऱ्यांची वाडी. एस.टी. जिथं थांबते तिथून पुढं दीड तास चढायचं. डॉक्टर नाही, गुरांचा तर नाहीच नाही. जो काही होता तो सखा. आणि महाशिवरात्रीला शंकराला भांगेचा घोटा चढायचा तो सख्याच्याच घरचा. तो त्या घराचा मान होता. देवानं घेतला की सारं गाव तांब्या तांब्या प्रसाद घ्यायचं आणि सगळ्यात मोठा तांब्या असायचा गावकीचा म्होरक्या श्रीपत याचा!

तोच श्रीपत त्या सकाळी फौजदाराला घेऊन परड्यात उभा राहिला.

मागं दोन हवालदार होते. एकानं पाचही झाडं मुळासकट उपटली. दुसऱ्यानं खांद्यावरच्या पिशवीतून कापडात बांधलेला एक पुडका काढला आणि तो झाडांशेजारी ठेवला. त्यात वाळलेली, चिकट, उग्र वासाची बोंडं होती. राहीबाईनं तो पुडका जन्मात पाहिला नव्हता. फौजदार ओट्यावर बसून लिहायला लागला. सख्यानं काढून ठेवलेला गूळ त्याच्या बुटाखाली आला.

"भावजी, ह्ये काय चाललंय?" राहीबाईनं श्रीपतला विचारलं.

श्रीपत खाली बघत म्हणाला, "कायदा हाय वयनी. त्याच्यापुढं आमी काय करणार?"

त्यानं पंच म्हणून सही केली. सख्याला अक्षर येत नव्हतं, त्याचा अंगठा घेतला. मग त्याच्या दंडाला दोर बांधून त्याला वाडीतून चालवत नेलं. चाळीस घरांच्या दारांत माणसं उभी होती. मोरूही होता. एकजणही म्हणाला नाही, की साहेब, ह्या माणसानं माझी गुरं जगवलीत. मोरूची म्हैस संध्याकाळी मेली. राहीबाईला त्या म्हशीचंही वाईट वाटलं आणि मोरूचं मुळीच वाटलं नाही.

आठ दिवसांत गावकी देवळात बसली. ठराव झाला, की सख्याच्या घरानं गावाचं नाव बद्दू केलं, त्या घराला वाळीत टाकावं. वाळीत टाकणं म्हणजे काय हे शहरातल्या वाचकांना सांगायला हवं. पाणवठ्यावर तुम्ही गेलात की बाया हंडे उचलून बाजूला होतात. दुकानदार मीठ देत नाही. लग्नाचं बोलावणं नाही, मयताला खांदा नाही. आजारी पडलात तर डोली उचलायला माणूस नाही. आणि तुमच्याशी जो बोलेल, तोही दुसऱ्या दिवसापासून वाळीत! आमच्या रायगडात अजून ही रीत चालते आणि आम्ही शिवरायांचं नाव घेऊन छाती काढून फिरतो. राहीबाईची एकुलती मुलगी महाडजवळच्या सव गावात दिलेली होती. तिच्या सासरच्यांनी 'गांजावाल्याच्या घरी जायचं नाही' म्हणून तिचं माहेर बंद केलं.

चाळीस घरांत एकच माणूस तिच्याशी बोलायचं, श्रीपतची म्हातारी आई चंद्रभागा. तीही उघड नाही. कुंपणाशी यायची, ताकाचं गाडगं मेढीवर ठेवायची आणि पाठ फिरवून, जणू काही करवंदीच्या जाळीशी बोलतेय असं, बोलायची. राहीचं याच वाडीत पहिलं न्हाण, पहिलं बाळंतपण या बाईनंच केलं होतं. कुंपणाशीच एक दिवस तिनं सगळं सांगून टाकलं.

"राही, माझ्या पोटी साप जन्मला गो. तो पुडका आमच्या दीपकचा."

दीपक म्हणजे श्रीपतचा लेक. हमरस्त्यावरच्या ट्रकवाल्यांकडून गांजा घ्यायचा आणि आंबेनळीच्या घाटानं महाबळेश्वरला नेऊन टुरिस्ट लोकांना विकायचा. स्वतःही ओढायचा. पोलादपूरच्या स्टँडवर पुडक्यासकट सापडला. फौजदारानं श्रीपतला सांगितलं, कागदावर कुणाचं तरी नाव यायला पायजे, बघा कुणाचं घालायचं ते. श्रीपतनं गावकी बोलावली. सगळ्यांनी मिळून ठरवलं, की सखा म्हातारा हाय, त्याच्या परड्यात झाडं हायतच, दोन महिन्यांत सुटून येईल, पोराचं आयुष्य तर वाचेल. मग सगळ्यांनी बेलभंडारा उचलून शपथ घेतली, की ही गोष्ट देवळाबाहेर जाणार नाही.

"सगळ्यांनी?" राहीबाईनं विचारलं.

"सगळ्यांनी."

राहीबाई रडली नाही. तिनं त्या दिवशी चाळीस घरांची नावं एकेक करून मनात म्हटली. त्यानंतर रोज सकाळी चूल पेटवताना म्हणायची. लोक देवाची नावं घेतात, राहीबाई ही घ्यायची. एकेकाला गाठीन, एकेकाच्या तोंडून वदवीन, असं तिनं ठरवून टाकलं आणि ते ठरवल्यावरच तिला पहिल्यांदा घास गिळता आला.

दोन महिन्यांत सुटणार म्हणे! कायदा असा होता की जामीनच मिळेना. महाडला संजीवनी नावाच्या एक तरुण वकीलबाई होत्या. राहीबाई त्यांच्या पायरीवर जाऊन बसली ती उठेचना. शेवटी त्यांनी कागद मागवले आणि वाचून दाखवले. वाचता वाचता त्या थांबल्या.

"राहीबाई, यात लिहिलंय की पाचही झाडांना भरपूर फुलोरा आला होता आणि त्यातलाच काही तोडून वाळवून पुडक्यात ठेवला होता."

"फुलोरा? श्रावणात?" राहीबाई ओरडलीच. "अवो ताई, ह्या झाडाला फुलोरा कार्तिकात येतो. माझ्या परड्यात जन्म गेला माझा. श्रावणात नुसता पाला असतो."

"नक्की?"

"वाडीतल्या शेंबड्या पोराला इचारा. श्रीपतला इचारा. त्याला तर चांगलंच ठाव हाय."

संजीवनीबाईंनी खुर्ची पुढं ओढली. "मग ऐका. कायद्यानं गांजा म्हणजे फुलोरा. नुसता पाला म्हणजे गांजा नव्हे. झाडं लावणं हाही गुन्हा आहे, पण ती लावलीच होती, आपोआप उगवली नव्हती, हे त्यांना सिद्ध करावं लागेल. सगळी केस या एका ओळीवर उभी आहे आणि त्या ओळीखाली श्रीपतची सही आहे. त्यानं कोर्टात खरं सांगितलं, तर सखाराम सुटतील."

म्हणजे नवऱ्याची सुटका त्याच माणसाच्या जिभेवर टांगलेली होती. राहीबाई घाट चढून घरी आली तेव्हा तिच्या अंगाची नुसती लाही लाही होत होती.

महाशिवरात्र आली. तिला वाटलं होतं, आता देवाचं कसं करतील बघू. आणि बघते तर काय, दुपारी गुरव तिच्या परड्यात शिरला! उकिरड्याच्या कडेला मागाहून उगवून हिवाळ्यात तगलेलं एक झाड होतं, त्याचा पाला ओरबाडून, तिच्याकडे न बघता, तिच्याशी अवाक्षर न बोलता निघून गेला. बोलला असता तर विटाळ झाला असता ना! घर वाळीत, पण घरचा पाला देवाला चालतो. माणूस तुरुंगात, पण त्याच झाडाचा प्रसाद श्रीपत तांब्याभर पितो. संध्याकाळी देवळातला हसण्या-खिदळण्याचा आवाज तिच्या ओट्यापर्यंत येत होता. पोलादपुरात सरकारी परवान्याची पाटी लावून देशी दारू विकतात, मोठ्या शहरांत भांगेची ठेकेवाली दुकानं आहेत आणि सखा हरभऱ्याएवढ्या गोळीपायी गजाआड! वाचकहो, तुम्हीच सांगा, त्या बाईनं कुणाच्या नावानं बोटं मोडायची?

दुसरा पावसाळा आला आणि पडलेल्या बियांनी पुन्हा डोकी वर काढली. राहीबाईनं ती उपटली नाहीत. येईल तो फौजदार, नेईल मलाही, निदान नवरा तरी दिसेल, असं तिनं ठरवलं.

भाद्रपदात चंद्रभागा अंथरुणाला खिळली. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेलं, पोटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, उशीर झालाय, घरी न्या. वेदनेवरचं जे खरं औषध असतं त्याला परवाने लागतात, म्हणून ते इकडं कुठल्याच डॉक्टरकडं नव्हतं. साध्या गोळ्या दिल्या. त्या पोटात ठरत नव्हत्या. अन्नाचा कण गेला की उलटी आणि उलटी थांबली की कळ. चौथ्या दिवसापासून तिचं ओरडणं वाडीच्या या टोकाला ऐकू यायला लागलं.

आणि मग आश्विनातल्या एका सकाळी श्रीपत राहीबाईच्या ओट्याशी आला. वर्षभरात पहिल्यांदा. वाळीत टाकलेल्या घराशी गावकीचा म्होरक्या स्वतः चालत आला!

"वयनी, आयेला बघवत नाय. तेवढा पाला द्या."

राहीबाई सूप पाखडत होती. तिनं हात थांबवले नाहीत. खोटं कशाला लिहू, त्या घटकेला तिला आनंद झाला. या क्षणाची तिनं वर्षभर वाट पाहिली होती.

"माझ्याशी बोलताय भावजी? आता तुमी पण वाळीत."

"वयनी, पाया पडतो."

"पाया नका पडू. पाला हाय माझ्याकडं, न्हाई असं म्हणत नाय. बारा तारखेला कोर्टात तुमची साक्ष हाय. फुलोरा नव्हता म्हणून सांगा आणि त्याच सांजेला मी माझ्या हातानं काकीला गोळी देते."

"बारा तारखेला नऊ दिस हायत! आधी द्या, मग सांगतो."

"माझा आधी दिऊन झालाय. चौदा महिने झाले, माझा माणूस दिऊन बसलेय."

"फौजदार मला सोडणार नाय वयनी. दीपक अडकंल."

"मग दीपकला घिऊन बसा आणि आयेला ऐकत ऱ्हा."

श्रीपत गेला. राहीबाई आत आली आणि सूप तसंच खाली टाकून बसली. कारण ज्या बाईच्या वेदनेचा तिनं सौदा केला होता, त्या बाईचं ताक तिनं वर्षभर प्यालं होतं. दुपारी कळ आली आणि चंद्रभागेची किंकाळी ऐकू आली, तेव्हा राहीबाईनं तुपाची वाटी काढली, पाला घेतला आणि वाळीतबिळीत काही न बघता थेट श्रीपतच्या घरात शिरली. सूड घ्यायचा तो त्याच्यावर, या म्हातारीवर कशाला?

चंद्रभागेनं डोळे उघडले. राहीच्या हातातली गोळी पाहिली आणि तोंड घट्ट मिटून घेतलं.

"घे काकी. माझं चुकलं."

"तुझं काय बी चुकलं नाय." म्हातारीला एकेका शब्दासाठी दम घ्यावा लागत होता. "श्रीपतनं सांगितलं मला तुझं बोलणं. बरोबर बोललीस. मी आता गोळी घेतली तर माझं पोरगं कोर्टात खोटं बोलंल. मी वळखते त्याला. आईचं भागलं की त्याला सगळं इसरायला व्हतं." मग ती लेकाकडं वळली. "श्रीपत, खरं सांगून येशील तवाच मी गोळी घेईन. खोटं सांगून आलास तर तुझ्या हातचं पाणी बी नको मला. माझ्या मढ्याला हात लावू नकोस."

नऊ दिवस! वाचकहो, तुमचा एक दात दुखला तर तुम्ही घर डोक्यावर घेता. त्या म्हातारीनं नऊ दिवस पोटात निखारे घेऊन काढले. राहीबाई रोज तिच्या उशाशी बसायची. वाळीत टाकलेली बाई घरात येते म्हणून कुरकूर करायची कुणाची हिंमत झाली नाही, कारण त्या नऊ दिवसांत वाडीत कुणालाच धड जेवण जात नव्हतं.

बारा तारखेला श्रीपत पिंजऱ्यात उभा राहिला. संजीवनीबाईंनी सावकाश विचारलं, "भांगेच्या झाडाला फुलोरा केव्हा येतो?"

"मला काय माहीत?"

"महाशिवरात्रीला तुम्ही प्रसाद घेता ना?"

श्रीपतनं फौजदाराकडं पाहिलं. मग आरोपीच्या बाकावर बसलेल्या सख्याकडं पाहिलं. सख्याच्या अंगावर आता फक्त कातडी उरली होती. शेवटी त्यानं बाकांवरच्या राहीबाईकडं पाहिलं. तिनं नजर हलवली नाही. ती मनातल्या मनात नावं म्हणत होती आणि पहिल्याच नावाशी थांबली होती.

"कार्तिकात येतो," श्रीपत म्हणाला. "त्या दिवशी फुलोरा नव्हता. नुसता पाला व्हता. आन झाडं लावलेली नव्हती, उकिरड्यावरची व्हती."

"आणि पुडका?"

"तो पोलिसांनीच आणला व्हता."

कुणाचा, ते त्यानं सांगितलं नाही. दीपक त्याच आठवड्यात मुंबईला पळून गेला होता. पण तेवढ्यावर काम झालं. काही दिवसांनी निकाल लागला आणि सखा सुटला.

राहीबाईनं मात्र आपला शब्द बारा तारखेलाच पाळला होता. कोर्टातून आली ती तशीच चिखलानं भरलेल्या पायांनी गेली आणि चंद्रभागेला गोळी दिली. तासाभरात म्हातारीच्या कपाळावरच्या आठ्या सुटल्या. दुसऱ्या दिवशी तिनं वाटीभर पेज घेतली आणि ती पोटात ठरली. चौथ्या दिवशी सुकटीची चटणी मागितली! रोग गेला नव्हता, जाणारही नव्हता. राहीबाईनं तसं कधी सांगितलंही नाही. पण मरायला टेकलेलं माणूस पाय पसरून झोपू शकलं, सुनेची चेष्टा करू शकलं, सखा परतला तेव्हा उठून बसून त्याच्या तोंडावरून हात फिरवू शकलं. एवढं तरी माणसाला मिळू नये?

सखा चौदा महिन्यांत पार वाळून गेला होता. हात सारखे कापायचे. तो म्हणाला, "सोड गो आता. झालं ते झालं."

"तुमी सोडा," राहीबाई म्हणाली. "मी नाय सोडायची."

कार्तिक लागला आणि दुसरेच दोन हवालदार वाडीत आले. या वेळी कुणी चुगली केली नव्हती. निकालातच लिहिलं होतं, की झाडं आपोआप उगवतात असं दिसतं, तरी ती नष्ट करावीत. ही माणसं भली होती. "आमच्या हातात काही नाही बाई," असं म्हणत त्यांनी परडं झाडून काढलं, उकिरडा उकरला आणि शिंकाळ्यातल्या दुधीच्या भोपळ्यात राखून ठेवलेला वाळका पालाही नेला.

"साहेब, तिकडं एक म्हातारी मरतेय. तिच्यापुरता तरी ठेवा," राहीबाई त्यांच्या मागं धावत गेली.

"डॉक्टरची चिठ्ठी आहे का?"

"डॉक्टर ह्याची चिठ्ठी देतो काय?"

"नाही देत."

"मग?"

हवालदारानं पिशवीचं तोंड बांधलं आणि तो वाट उतरू लागला. ज्या कायद्यानं दीपकचा धंदा एक दिवस थांबवला नाही, त्यानं चंद्रभागेची गोळी मात्र एका सकाळीत थांबवली. सख्याच्या पाल्याला माप होतं, वय होतं, कोयत्याचा धाक होता. ट्रकमधून येणाऱ्या गांजाला काहीच नव्हतं. सरकारनं सख्याला चोर ठरवलं आणि त्याची जागा ट्रकवाल्याला मोकळी करून दिली. परवाना दिला असता, नोंद ठेवली असती, डॉक्टरच्या देखरेखीखाली गोळी दिली असती, तर कुणाच्या बापाचं काय गेलं असतं?

चंद्रभागा त्यानंतर अकरा दिवस जगली. ते अकरा दिवस मी लिहिणार नाही. एवढंच सांगतो की शेवटच्या दोन दिवसांत तिला ओरडायलाही ताकद उरली नव्हती, ती नुसतं तोंड उघडायची. ज्या बाईनं लेकाला खरं सांगायला लावलं, तिला असं मरण आलं.

तेराव्यानंतर गावकी सख्याच्या ओट्यावर आली. पुढं श्रीपत, हातात नारळ. मागं चाळीस घरांचे कारभारी.

"वयनी, गावकीनं ठरवलंय. तुमचं घर परत गावात घेतलं. हा नारळ घ्या. येत्या शिवरात्रीचा मानही तुमचाच."

सख्याचा कापरा हात नारळाकडं जायला निघाला. राहीबाईनं तो धरून खाली ठेवला.

"तुमी मला गावात घेतलंत," ती म्हणाली. "पण मी तुमाला घेतलेलं नाय. तुमी सगळ्यांनी बेलभंडारा उचलून माझा माणूस दिलात. ज्याची ज्याची म्हस, ज्याची ज्याची बाळंतीण माझ्या माणसानं जगवली, त्यानंच त्याला दिला. आता गावाला मी वाळीत टाकलंय. माझ्या ओट्यावरनं खाली उतरा."

कुणी उतरेना. मोरू डोळे पुसत म्हणाला, "राहीमावशी, काय करू सांग. दंड घाल. गावजेवण घाल म्हणशील तर घालतो."

राहीबाई आत गेली आणि एक कागद घेऊन आली. संजीवनीबाईंकडून तो तिनं आठ दिवस आधीच लिहून आणला होता. बाईंनी तिला बजावलं होतं, की यावर अंगठा करणं म्हणजे प्रत्येकानं स्वतःवर गुन्हा ओढवून घेणं आहे. राहीबाई म्हणाली होती, मला तेच पायजे.

तिला वाचता येत नव्हतं, पण पाठ होतं. "ऐका. ह्यात लिव्हलंय, आमी खाली अंगठे देणार करवंदमाळचे लोक पिढ्यान् पिढ्या भांगेचा पाला गुरांना आन माणसांना औषध म्हणून देतो. आमी सगळे देवाचा प्रसाद म्हणून घेतो. सखारामाला आमी खोटं बोलून अडकवलं. चंद्रभागाबाईला ह्याच पाल्यानं आराम पडत व्हता, तो काढून घेतल्यावर ती तळमळून मेली. आमाला औषधापुरता पाला ठेवायचा परवाना द्या, नोंद ठेवा, मोजून द्या. नायतर आमी सगळेच गुन्हेगार हाय, आमाला धरा."



"वयनी, ह्यात आमी आत जाऊ," श्रीपत म्हणाला.

"जाल बी. माझा माणूस एकटाच गेला व्हता. तुमी तर चाळीस असाल, सोबत हाय."

"दुसरं काय पण माग."

"दुसरं कायच नको. ज्याला करायचा नाय त्यानं नको करू. पण मग उद्या तुमची आये, तुमची बायको, तुमचं पोर चंद्रभागाकाकीसारखं तोंड उघडून पडलं, तर माझ्या दाराकडं बघायचं नाय."

पहिला अंगठा मोरूनं केला. मग गुरवानं. मग एकेक करत सगळ्यांनी. शाईची डबी फिरत फिरत श्रीपतपाशी आली आणि थांबली. त्यानं खिशातलं पेन काढलं. त्याला सही करता यायची, पण राहीबाईनं सही नको म्हणून सांगितलं. सख्याचा घेतला होता, तसाच याचाही अंगठा हवा. शेवटी त्यानं तो दाबला. राहीबाईनं कागद उजेडात धरून ठसा नीट उठलाय की नाही ते बघून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सगळे जण घाट उतरून पोलादपूरच्या मामलेदार कचेरीत गेले. तिनंच तशी अट घातली होती, की कागद एकटा जाणार नाही. कारकुनानं चष्मा लावून अर्ज वाचला, एकदा वाचला, पुन्हा वाचला आणि वर बघितलं.

"बाई, यात सगळ्या गावानं गुन्हा कबूल केलाय. कळतंय ना?"

"कळतंय. म्हणूनच तर आणलाय."

"असा अर्ज मी घेऊ शकत नाही. साहेबांना विचारावं लागेल."

"इचारा. पण पोच घेतल्याबिगर मी हालणार नाय. शिक्का मारून, तारीख टाकून द्या."

कारकून अर्ज घेऊन आत गेला. व्हरांड्यात चाळीस माणसं भिंतीला पाठ लावून उभी राहिली. आवारात पोलिसांची गाडी आली तसे काही जण चुळबुळले. श्रीपत तर जिन्याकडं सरकायला लागला होता. राहीबाई बाकावर बसली होती. तिनं शेजारची जागा पदरानं झाडली आणि त्याला हाक मारली.

"बसा भावजी. वेळ लागंल. आमच्या माणसाला चौदा महिने लागले."